यशोदाबाईंच्या गच्चीवरची डिश

रोहन साळवे बुद्धविहाराच्या पत्र्यावरून खाली आला तो डिश पोटाशी धरूनच. पाय मोडला, डिशही मोडली आणि दिघ्याच्या अर्ध्या टेकडीचं इंटरनेट त्याच्याबरोबर आडवं झालं.

टेकडीवर वायर कुणी आणत नाही. खाली रेल्वेचे रूळ, पलीकडे कंपन्यांच्या भिंती, मधे नाला. एवढ्या सगळ्यांची परवानगी काढायची तर माणूस म्हातारा होईल. म्हणून रोहननं वरून वाट काढली होती. ऐरोली गावात यशोदाबाई मढवींचं चार मजली घर, तिथं दणकट लाइन. त्यांच्या गच्चीवर एक डिश टेकडीकडे तोंड करून बसवायची, टेकडीवरच्या बुद्धविहाराच्या छपरावर दुसरी ऐरोलीकडे तोंड करून. इकडून फेकायचं, तिकडे झेलायचं आणि विहारातून घराघरांत वायरी सोडायच्या. साळव्यांची चूल त्याच वायरींवर पेटायची.

विहार कमिटीचे सेक्रेटरी ज्योतिबा खंदारे बिस्किटाचा पुडा घेऊन रोहनला बघायला आले. वाईट माणूस नव्हता, पण इस्त्रीचा शर्ट आणि इस्त्रीचंच बोलणं. चहा संपवून त्यांनी कप खाली ठेवला.

"रोहन, विहारात खाली अभ्यासिकेत पोरं बसतात. परीक्षा तोंडावर हाय. ऐरोलीची दुसरी पार्टी आपल्या छपरावर खांब लावायला तयार हाय. रविवारी मीटिंग ठेवलीय. तोवर चालू दिसलं तर जागा तुझी. नाय तर मला थांबता येणार नाय."

"काका, पाय बघताय ना माझा."

"पाय बघतोय म्हणून तर रविवार म्हणालो. नाय तर उद्याच म्हणालो असतो."

हे सगळं बोलणं रोहनशी चाललं होतं. रोहनची बायको क्रांती ट्रे धरून शेजारी उभी होती, तिच्याकडे कुणी बघितलं नाही. विहाराचं छप्पर गेलं तर टेकडी गेली आणि टेकडी गेली तर नवरा कुणाच्या तरी हाताखाली वायरी ओढत फिरणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं कप उचलले आणि मोरीत जाऊन नको इतके घासले.

जुन्या जातीच्या डिश आता मिळत नव्हत्या. दुकानदारानं नव्याच कंपनीची जोडी पाठवली. पेटी आली तसा रोहन पलंगावरून ओरडला, "हात लावू नको! मी उभा राहीन तेव्हा बघू."

"रविवारी उभा राहणारेस?"

"कुणाला तरी बोलावतो मी. तुला काय कळणार त्यातलं?"

त्यानं ओळखीतल्या सगळ्यांना फोन लावले. कुणी खारघरला कामावर, कुणी गावाला. एकानं तर सरळ सांगितलं की ह्या नव्या मालाला मी हात लावला नाही, बिघडला तर माझ्या नावानं बोंबलशील. रोहननं भिंतीकडे तोंड केलं. त्याच्या धंद्यात पेटी उघडली की आधी माहितीचा कागद फेकायचा, अशीच रीत होती. कागद वाचतो तो नवशिका. त्याच्या उस्तादानं फेकला, त्यानंही फेकला. सगळी विद्या डोक्यात, आणि डोकं आता गोळ्यांच्या गुंगीत.

क्रांतीची मात्र कागदाशी जुनी ओळख होती. लग्नाआधी ती खाली औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. बाटलीबरोबर जो घडीचा कागद जातो, तो भरायचं तिचं काम. मुंगीएवढी अक्षरं, कुणी वाचूच नये असं ठरवून छापल्यासारखी. असे कागद भरून भरून तिच्या बोटांना चिरा पडायच्या. त्यामुळे कागदाकडून तिची काही फार अपेक्षा नव्हती. तरी तिनं पेटी उघडली.

वर कागद नव्हताच, एक छोटं पुस्तक होतं. मराठीत. जाड पानं, ठसठशीत अक्षरं, उन्हातसुद्धा दिसावीत अशी. पहिल्याच पानावर लिहिलेलं, "घाई करू नका. गच्चीवर जाण्याआधी दोन्ही डिश घरातच समोरासमोर ठेवा. इथे त्यांची ओळख झाली, तर वर गेल्यावर त्या एकमेकींना शोधतील."

क्रांतीला हसूच आलं. हे लिहिणारा कुणी तरी माणूस होता, यंत्र नव्हतं.

"आत्या, जरा या इकडं," तिनं सासूला हाक मारली. मुक्ताबाई दारात लसूण सोलत बसल्या होत्या. जालन्याकडून पोटासाठी आल्या त्या ऐरोलीच्या टॉवरांवर बिगारी म्हणूनच. पाटी डोक्यावर घेऊन त्या इतके मजले चढल्या होत्या की आता सपाट रस्त्यावरच त्यांचे गुडघे कुरकुरायचे.

"काय करायलीस गं?"

"ही धरा. अशी. हिचं तोंड तिच्याकडं."

एक डिश रोहनच्या पायापाशी पलंगावर, दुसरी मुक्ताबाईंच्या मांडीवर. काळी वायर काळ्या भोकात, निळी निळ्या. चुकीची घालायला गेलं तर जातच नव्हती. पुस्तकातल्या चित्रात जिथं बोट दाखवलं होतं तिथंच बटण होतं. क्रांतीनं ते दाबून धरलं. डिशच्या पाठीवर एक हिरवा दिवा लागला, मग दुसरा, मग चारही. सासूच्या मांडीवरच्या डिशनंही तसंच केलं.

"अगं माय, हे बोलायलं की मह्याशी!" मुक्ताबाई म्हणाल्या.

रोहननं मान वळवली. जुन्या डिशच्या वेळी हेच करायला तो रात्ररात्र मोबाइलमध्ये आकडे भरत बसायचा. दिव्यांकडे बघत तो म्हणाला, "घरात लागतंच. वर लागलं तर सांग."

संध्याकाळी सासूसुना रिक्षानं ऐरोलीला गेल्या. क्रांतीच्या मांडीवर डिश, मुक्ताबाईंच्या पिशवीत नट आवळायचे पाने आणि दोरी. यशोदाबाई ओट्यावरच बसलेल्या होत्या. अंगानं भरलेल्या, कपाळावर मोठं कुंकू, आवाज खाडीच्या पलीकडं जाईल असा.

"काय गो, तुमी दोगी? पोरगा कवा उठनार?"

"उठंल की. तोवर आमी हाव," मुक्ताबाई म्हणाल्या. "ह्या जिन्याची वाळू मीच वाहिलेली. ध्यानात हाय का?"

"हाय ना! पायरीवर पाटी सांडलीस, मी बोंबललू तुज्यावर."

दोघी हसल्या. चार मजले चढून क्रांतीला धाप लागली, सासू मात्र मागं वळून तिची वाट बघत उभी. गच्चीच्या कडेला जुना पाइप होता, वर जोडी तुटलेली जुनी डिश. त्याच्यापुढं हातभर सोडून बांबूंचा एक रिकामा मांडव बांधलेला, आडव्या दोऱ्या ताणलेल्या, मासळीचा दर्प मारणारा. मांडवातून पलीकडची टेकडी स्वच्छ दिसत होती, विहाराचं निळं छप्परही. पुस्तकात चित्र होतं तसा पट्टा जुन्या डिशच्या खाली पाइपला घातला, डिश त्यात सरकवली, हातानंच पिळायचा मोठा नट पिळला. पाने पिशवीतच राहिले.

टेकडीवर परत येईतो अंधारायला आलं होतं. विहाराच्या छपरावर क्रांतीच चढली. शिडीला मुक्ताबाई. पत्र्यावर पाय कुठं ठेवायचा हे सासूनंच खालून सांगितलं: जिथं बोल्ट आहेत तिथंच, मधे नाही. खाली अभ्यासिकेतली पोरं बाहेर येऊन वर बघू लागली. कुणी तरी "वहिनी, जपून" म्हणालं, कुणी तरी हसलं. क्रांतीची ओढणी कमरेला, हातात डिश. ह्याच पत्र्यावरून नवरा खाली आला होता. तिनं पुस्तक दातांत धरलं होतं. पुढचं पान उघडलं तर तिथं लिहिलेलं, "डिश अगदी हळू फिरवा. एका दिव्याला थांबू नका, चौथा लागेपर्यंत धीर धरा."

तिनं धीर धरला. चौथा लागला. खालून पोरं एकदम ओरडली, "आलं! आलं!" आणि क्रांतीला पत्र्यावर बसल्या बसल्या रडू आलं. ते तिनं पुस्तकाआड पुसलं.

त्या रात्री रोहननं आपणहून भाजी चांगली झालीय असं सांगितलं. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

सकाळी इंटरनेट गेलं.

सूर्य जरा वर आला आणि ते डचमळायला लागलं, मग बसलंच. घराघरांतून फोन. ज्योतिबा दारात. "रोहन, ही काय गंमत हाय?" क्रांती तिथंच उभी, पण विचारणं रोहनला. ती विहारावर चढून बघून आली. डिश जागची हलली नव्हती, दिवा मात्र एकच. दुपार कलली तसं थोडं थोडं आलं, संध्याकाळी पूर्ण. रात्रभर घोड्यासारखं पळालं आणि सकाळी पुन्हा तेच.

"माल खराब हाय," रोहन म्हणाला. "मी बोललेलो. नवीन कंपनी, नवीन नाटक. परत कर." त्याच्या आवाजात राग होता आणि रागाच्या आत कुठं तरी थोडं समाधानही होतं. क्रांतीला ते ऐकू आलं. तिला लागलं. पण भांडायला वेळ नव्हता. शनिवार उजाडला होता.

ती पुस्तक घेऊन मोरीच्या कट्ट्यावर बसली. मागच्या पानांवर अडचणी दिल्या होत्या. एका ठिकाणी लिहिलं होतं, "रोज ठरावीक वेळेला बंद पडत असेल तर डिशवर राग काढू नका. त्याच वेळेला दोन्ही गच्च्यांवर जाऊन डिशच्या पाठीमागे उभे राहा आणि तिच्या डोळ्यांनी समोर बघा. ओलं काहीही मधे आलं तर तिला दिसत नाही."

ओलं. मे महिन्यात ओलं कुठून येणार? विहारावर तर ती काल बंद असतानाच जाऊन आली होती. राहिली दुसरी गच्ची, आणि तिथं ती गेली होती संध्याकाळीच.

"आत्या, चला. आत्ताच्या आत्ता."

यशोदाबाईंच्या जिन्यात तिसऱ्या मजल्यापासूनच वास यायला लागला. वर पाऊल टाकलं आणि दोघी थबकल्या. परवाचा रिकामा मांडव आता गच्च भरला होता. ओले बोंबील, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून दोरीदोरीवर टांगलेले, उन्हात चकाकत, खाली थेंब गाळत. वरपासून खालपर्यंत नुसती मासळीची भिंत. आणि त्या भिंतीच्या मागं बिचारी डिश, नाक टेकवून उभी.

क्रांती डिशच्या पाठीमागं जाऊन वाकली. टेकडी नाही, विहार नाही. बोंबील.

मुक्ताबाई मटकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या. "लेकाला म्हणावं माल खराब न्हाई बाबा, माल ताजा हाय!"

यशोदाबाई टोपल्यातून पुढचे बोंबील काढत होत्या. "काय झायला हसाला?"

क्रांतीनं सांगितलं. सकाळी ओले टांगता तेव्हा इंटरनेट बंद, सुकत आले की थोडं चालू, संध्याकाळी काढून नेले की पूर्ण चालू.

"म्हंजे माजे बोंबील तुजा इंटरनेट खातान?"

"तसंच समजा, काकी."

यशोदाबाईंनी हातातले बोंबील खाली ठेवले. आता त्या हसत नव्हत्या. "हे बघ पोरी. आगोट हाय. पावसाला आयला की खारीन कोन जाते? आमच्या घरान चार महिने हेच. पोरी सासरी दिल्यान, त्यांच्या डब्यान काय भरू? ऊन आन वारा दोनी हतंच लागते. मांडव पलीकरं होता, तिकरं यंदा टॉवरची सावली आयली. तुजी डिश हलव. मांडव नय हलनार."

बोलणं कडक होतं, पण खोटं नव्हतं. पावसाळ्याआधी सुकी मासळी भरून ठेवायची ही त्या घराची रीत, डिशच्या कितीतरी आधीची. शिवाय गच्ची त्यांची. त्यांनी "उचला तुमची डिश" म्हटलं असतं तरी साळव्यांना तोंड उघडता आलं नसतं. क्रांतीनं रोहनला फोन लावला.

"हलवू नको!" तो किंचाळलाच. "एकदा जागा सोडली की दोन दिवस गेले. मला माहितीय. पहिल्या वेळेला मी आणि दोस्त पक्या दोन्ही टोकांना फोन धरून उन्हात मेलो होतो. उद्या मीटिंग हाय, क्रांती. त्यांच्या पाया पड, एक दिवस मासे काढ म्हणावं."

क्रांतीनं टोपल्यांकडं बघितलं. पहाटे बंदरावरून आणलेला माल, न टांगला तर संध्याकाळपर्यंत नासणार. कुणाच्या तरी लेकीचा पावसाळा त्यात होता. पाया पडून हे मागायचं तिच्या जिवावर आलं. तिनं फोन कानापासून दूर धरला आणि पुस्तक उघडलं. "अडथळा हलवता येत नसेल तर डिश हलवा. घाबरू नका. दुसऱ्या टोकाला हात लावावा लागणार नाही; ती तिथेच तुमची वाट बघत असते."

ती ओळ तिनं दोनदा वाचली. मग रोहनला म्हणाली, "मी हलवतेय," आणि फोन ठेवला.

मांडवाच्या बाजूला पाण्याची टाकी पेलणारा लोखंडी घोडा होता, पाय सिमेंटात ओतलेले. मुक्ताबाईंनी त्याला दोन्ही हातांनी हिसका दिला. "हालत न्हाई. ढलाई चांगली हाय." वायर तिथवर पोचत होती, जास्तीची गुंडाळी कंपनीनंच ठेवलेली. क्रांतीनं पट्टा सोडवला, डिश उचलली, टाकीच्या घोड्याला लावली. ऊन टाळूवर आलेलं, लोखंड हाताला चटके देणारं, घाम डोळ्यांत. पिळता पिळता तो मोठा नट तिच्या ओल्या बोटांतून निसटला, गच्चीवर टणकन उडाला आणि थेट बोंबलांच्या टोपल्यात.

"मेले!" क्रांती म्हणाली.

यशोदाबाई टोपल्यात हात घालून चाचपायला लागल्या. पण क्रांतीला पेटीतली छोटी पुडी आठवली. तिनं ती खिशातून काढली. वर छापलं होतं, "एक नट पडतोच. हा घ्या." हे लिहिणारं माणूस, बाई असो की बाप्या, कधी तरी अशाच उन्हात कुठल्या तरी गच्चीवर उभं राहिलं होतं, त्याच्याही हातातून नट पडला होता, आणि खाली आल्यावर ते विसरलं नव्हतं. तिला त्या माणसाच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला.

नट बसला. तिनं डिश हळू फिरवली. एक दिवा. दोन. यशोदाबाई मासळीचे हात पदराला पुसून शेजारी येऊन उभ्या राहिल्या. तिसरा लागला, गेला, पुन्हा लागला. चौथा लागला.

फोन वाजला. रोहन होता. "आलं गं," तो म्हणाला. "दोन दिवस लागतात त्याला. काय केलंस तू?"

"वाचलं," क्रांती म्हणाली.

यशोदाबाईंनी उरलेले बोंबील टांगायला घेतले. मुक्ताबाईही उठून त्यांच्या बरोबरीनं जबड्यात जबडा अडकवायला लागल्या, जसं काही जन्मभर तेच केलंय. मांडव पुरा भरला तरी डिशवरचे चारही दिवे हिरवे राहिले.

रविवारी सकाळी विहाराच्या सभागृहात कमिटी बसली. ऐरोलीत मांडव भरलेला असणार, हे क्रांतीला घड्याळ न बघता ठाऊक होतं. ती मागं चपलांपाशी मुक्ताबाईंच्या शेजारी बसली होती. ज्योतिबांनी भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर रोहनला व्हिडिओ कॉल लावला. प्लास्टरातला पाय, मागची भिंत, भिंतीवरची पाल, सगळं लख्ख दिसत होतं. पोरं खुसखुसली.

"चित्र बरं हाय," ज्योतिबा म्हणाले. "कालपासून बंद नाय पडलं, हेपण मी बघितलं. पण रोहन, पुढं पावसाळा हाय. वारं सुटतं, पत्रे उडतात. तू तर खाटेवर. ह्या कमिटीला शब्द कोण देणार? तू शब्द दे, मी जागा तुझ्या नावावर ठेवतो."

टीव्हीवरचा रोहन खाली बघत राहिला. क्रांतीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. तिला वाटलं, आता तो हो म्हणेल. सगळ्यांसमोर नवरा हो म्हणाला की झालं, घर वाचलं. पाऊस आला की वर तीच चढेल आणि नाव त्याचं राहील. तिला ते चाललंही असतं.

"काका, मी कसा शब्द देऊ?" रोहन म्हणाला. "मी त्याला हातपण नाय लावला. मी तर सांगितलेलं, पेटी उघडू नको. हलवू नको म्हणूनपण मीच ओरडलो. दोन्ही वेळेला माझं ऐकलं असतं तर आज तुमी दुसऱ्या पार्टीबरोबर बसला असता." त्यानं वर बघितलं. "लावलंय तिनं. शब्द तिचा घ्या."

सभागृहातल्या सगळ्या माना मागं वळल्या. ज्योतिबांचीही. इतक्या वर्षांत त्यांनी क्रांतीकडे बघून पहिल्यांदाच प्रश्न विचारला.

"बोल बाई. पावसात बंद पडलं तर?"

क्रांती उभी राहिली.

"बंद पडलं तर मी चढीन, काका," ती म्हणाली. "नाव माझं लिहा."

ज्योतिबांनी खिशातलं पेन काढलं. "आडनाव साळवेच ना?" त्यांनी विचारलं, आणि तिचं उत्तर येईपर्यंत पेन धरून थांबले.